नाव झाकून गोष्ट पाठवाल?

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही पिक्चर एका रात्रीत संपवणाऱ्यांनो, या कादंबरीला कुठला पुरस्कार मिळाला होता, माहितीये? इंटरनॅशनल फँटसी अवॉर्ड. ब्रिटनमधल्या विज्ञानकथेच्या चाहत्यांनी १९५१ मध्ये तो सुरू केला, १९५७ मध्ये टॉल्किनला दिला आणि तिथेच तो संपला!

संपला म्हणून फुकट गेला का? मला नाही वाटत. ‘पोरासोरांचं’ म्हणून बाजूला टाकलेल्या लेखनाला कुणीतरी वेळेवर साहित्य म्हणावं लागतं.

आपल्याकडचा किस्सा तर याहून भारी आहे. घाटकोपर-मुलुंडवाल्यांनो, कुर्ल्याला हार्बर पकडली की पुढचंच स्टेशन चुनाभट्टी. आज तिथे ऑफिस असलेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत पहिली आली ‘कृष्णविवर’. लेखक कोण, तर नारायण विनायक जगताप. आता आद्याक्षरं उलटी वाचा. ज. वि. ना. म्हणजेच जयंत विष्णू नारळीकर! तेव्हा ते टीआयएफआरमध्ये प्राध्यापक होते आणि पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झाली होती. खरं नाव लावलं असतं, तर परीक्षकांची नाही म्हणायची काय बिशाद? म्हणून नाव बदललं. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. हेच नारळीकर पुढे २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

आणि आपल्या फेस्टमधल्या लेखन स्पर्धा? अनेक ठिकाणी पोस्टवरचे लाइक्स मोजून नंबर काढतात. ज्याचा ग्रुप मोठा, त्याची कथा चांगली! लाजरीबुजरी पोरं मग लिहिलेलं मोबाइलच्या नोट्समध्येच ठेवतात.

माझं म्हणणं सरळ आहे. वाङ्मय मंडळाने यंदा मराठी विज्ञानकथेची स्पर्धा घ्यावी. कथेवर फक्त नंबर, नाव वेगळ्या बंद पाकिटात. बक्षीस पाचशे रुपयांचं असलं तरी चालेल. दोन वर्षांनी कमिटी बदलली आणि स्पर्धा बंद पडली, तरीही चालेल. तेवढ्यात दोघं-तिघं लिहिते झाले तर वसूल. विषय शोधायला मंगळावर जायची गरज नाही. मिठी नदी एके दिवशी उलटी वाहायला लागली तर? आरेतल्या बिबट्यांना आपली भाषा कळायला लागली तर?

फक्त परीक्षक दुसऱ्या कॉलेजचे आणा. आपले सर शुद्धलेखनाच्या चुकांवरूनही आपल्याला ओळखतात.