खोक्यावरचा वर्ग आणि पेठेतला साठा

मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी, कोल्हापूर यांस,



दिवाळी जवळ आली की फटाक्यांची चर्चा आवाजाभोवती फिरते. चार मीटरवर 125 डेसिबल ही 1999 ची मर्यादा आणि रात्री दहा ते सकाळी सहा आवाजी फटाक्यांना बंदी हा सर्वोच्च न्यायालयाचा 2005 चा निर्णय, ही दोन्ही बंधने हवीतच. पण मुरगूडसारख्या दाट वस्तीच्या गावात त्याहून मोठा धोका न वाजलेल्या फटाक्यांचा, म्हणजे दुकानात आणि मागच्या खोलीत रचून ठेवलेल्या मालाचा आहे. परवाना देताना या साठ्याचा विचार आधी व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र.

स्फोटक नियम, 2008 नुसार फटाके सातव्या वर्गात येतात. वाहतुकीसाठी आणखी एक वर्गवारी असते : 1.1 म्हणजे सगळा साठा एकदम उडणारा, 1.3 म्हणजे आगीचा मोठा लोळ उठवणारा, 1.4 म्हणजे धोका खोक्यापुरता राहणारा. पण 1.4 हा शिक्का त्या विशिष्ट बांधणीतल्या खोक्याची चाचणी घेऊन दिलेला असतो. खोके फोडून माल सुटा केला, शेकडो खोकी बंद खोलीत एकमेकांवर रचली, की त्या शिक्क्याचा आधार उरत नाही. नेदरलँड्समधील एन्सखेडे शहरात 13 मे 2000 रोजी नेमके हेच दिसले. तिथला बराचसा माल कागदोपत्री 1.4 चा होता. प्रत्यक्षात मात्र साठा प्रचंड स्फोटाने उडाला, 23 माणसे गेली आणि एक अख्खी वस्ती उद्ध्वस्त झाली.

आपल्याकडचे दाखले दूरचे नाहीत. 29 ऑक्टोबर 2016 रोजी औरंगाबादच्या जिल्हा परिषद मैदानावर शंभराहून अधिक स्टॉल जळाले. जीवितहानी टळली, याचे एक कारण मोकळे मैदान हेच मानावे लागेल. हीच रांग पेठेत असती तर पळायला वाट कुठे होती? डिसेंबर 2023 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात केकवर लावायच्या फुलबाज्या विनापरवाना बनवताना आग लागली आणि तिथे राबणाऱ्या बायका होरपळून गेल्या. वाढदिवसाची वस्तू म्हणून तिच्यातली दारू निरुपद्रवी ठरली नाही.

छोट्या विक्रेत्याचे चार दिवसांचे उत्पन्न बुडेल, हा आक्षेप मला खरा वाटतो. म्हणूनच मागणी बंदीची नाही, जागेची आहे. नगरपरिषदेने गावाबाहेर मैदान नाममात्र भाड्याने दिले तर विक्रेत्याचा धंदा चालेल आणि शेजाऱ्याचे घरही राहील. गिऱ्हाईक कर्नाटकातल्या निपाणीला जाईल, असेही म्हटले जाते. पण स्फोटक कायदा केंद्राचा, 1884 चा आहे. सीमेपलीकडे तो बदलत नाही. त्याच कर्नाटकात ऑक्टोबर 2023 मध्ये अत्तिबेले येथे फटाक्यांच्या दुकान-गोदामाला आग लागून डझनभराहून अधिक माणसे गेली.

तात्पुरत्या दुकानांबाबत स्फोटक नियमांतला नियम 84 स्पष्ट आहे : शेड न जळणाऱ्या साहित्याचे, दोन शेडमध्ये किमान तीन मीटर, घरांसारख्या संरक्षित बांधकामापासून पन्नास मीटर, तोंडे समोरासमोर नकोत, उघडी ज्योत नको. ही अंतरे अर्जावरच्या नकाशात न पाहता जागेवर फीत लावून मोजावीत. प्रत्येक परवान्यातील मंजूर वजन व साठ्याची जागा नगरपरिषदेच्या फलकावर लावावी, आणि राहत्या घरात माल सापडल्यास परवाना त्याच दिवशी रद्द व्हावा. या तिन्ही गोष्टींचे आदेश मुख्याधिकारी आणि मुरगूड पोलिसांना परवाने वाटण्यापूर्वी मिळावेत, ही विनंती.

आपला,
मुरगूडचा एक नागरिक