वर्गात बोलायचे कोणी?

बर्फाचे सारख्या वजनाचे दोन खडे घ्या. एक उघड्या ताटलीत ठेवा आणि दुसरा जाड घोंगडीत गुंडाळून ठेवा. आधी कोणता वितळेल? पुढे वाचण्यापूर्वी मनाशी एक उत्तर ठरवून टाका. हवे तर ते शेजारच्याला सांगून ठेवा, म्हणजे नंतर बदलता येणार नाही.

हा प्रश्न वर्गात विचारला, तर ‘घोंगडीतला बर्फ आधी वितळेल’ असे सांगणारी पुष्कळ मुले निघतात. त्यांचे कारणही सरळ असते. घोंगडी गरम असते, थंडीत ती आपल्याला ऊब देते, मग बर्फालाही देणारच! वास्तविक घोंगडीजवळ स्वतःची अशी उष्णता मुळीच नसते. तिच्या लोकरीत अडकून राहिलेली हवा उष्णतेची दुर्वाहक असते. त्यामुळे आपल्या अंगची उष्णता बाहेर जात नाही आणि बाहेरची उष्णता बर्फापर्यंत सहजी पोचत नाही. घोंगडीतला बर्फ उशिरा वितळतो. गंमत अशी की, चुकीचे उत्तर देणाऱ्यांपैकी कित्येकांनी ‘लोकर उष्णतेची दुर्वाहक आहे’ हे वाक्य पाठ केलेले असते. रिकाम्या जागी तो शब्द भरून त्यांनी गुणही मिळवलेले असतात. वाक्य डोक्याच्या एका कप्प्यात असते आणि घोंगडी दुसऱ्या. दोहोंची गाठ कधी पडलेलीच नसते.

त्याच वर्गात एखादी मुलगी अशी असू शकते की, जिची आई मासळीबाजारात बसते. एखाद्या मुलाच्या घरी बर्फाच्या गोळ्याची गाडी असते. बर्फाची लादी लाकडाच्या भुशात नि गोणपाटात का गुंडाळतात, हे या दोघांना पुस्तक न उघडताही ठाऊक असते. त्या दिवशी वर्गातले उष्णतेचे खरे जाणकार तेच असतात. पण तास जर नेहमीच्या व्याख्यानाचा असेल, तर त्यांना तोंड उघडण्याची पाळीच येत नाही. शिक्षक सांगतात, फळ्यावर मुद्दे लिहितात, मुले ते वहीत उतरवून घेतात. शेवटी ‘समजले का?’ असा प्रश्न येतो आणि साऱ्या वर्गाचा एका सुरात ‘होऽऽ’ असा होकार येतो. घंटा होते.

या ‘हो’वर माझा विश्वास नाही. साठ मुलांच्या वर्गात साठ निरनिराळी डोकी असतात. कोणाला आकृती दिसल्याखेरीज उमगत नाही, कोणाला पुस्तकी मराठी जड जाते कारण घरी वेगळी बोली आहे, कोणाला मागच्या बाकावरून फळाच नीट दिसत नाही, तर कोणाला दोन मिनिटांतच सारे कळलेले असते आणि उरलेला तास तो वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढीत बसतो. सबंध तासभर एकट्या शिक्षकांनीच बोलायचे, या पद्धतीचा कंटाळवाणेपणा एक वेळ सोसता येईल. पण कोणाला काय समजले नाही ते ती शिक्षकांपासून आणि खुद्द विद्यार्थ्यापासूनही लपवून ठेवते. ते उघडकीस येते थेट परीक्षेच्या निकालात, आणि तोवर पुढचे पाच धडे उरकलेले असतात.

हे केवळ आपल्याकडच्या गर्दीच्या वर्गांचे दुखणे आहे असे समजू नका. एरिक माझुर हे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवीत. व्याख्याने उत्तम, विद्यार्थी निवडक, निकालही चांगले. १९९० च्या सुमारास त्यांच्या वाचनात आले की, महाविद्यालयातली मुले गतीच्या नियमांची गणिते सोडवतात, परंतु साध्या साध्या प्रश्नांत अडखळतात. आपल्या विद्यार्थ्यांचे तसे होणार नाही, अशी त्यांची खात्री होती. तरी पाहावे म्हणून त्यांनी तशीच चाचणी घेतली. तिच्यातल्या एका प्रश्नाचा मासला असा: एक अवजड ट्रक आणि एक लहान मोटार यांची टक्कर झाली, तर कोणाने कोणावर जास्त बल लावले? न्यूटनचा तिसरा नियम ठाऊक असणाऱ्याने ‘दोन्ही बले समान’ असे सांगायला हवे. मोटारीचा चुराडा होतो, कारण तिचे वस्तुमान कमी असते, तिच्यावरचे बल जास्त असते म्हणून नव्हे. एका विद्यार्थिनीने तर विचारले की, उत्तरे तुम्ही शिकवले त्याप्रमाणे लिहायची की मला एरवी वाटते त्याप्रमाणे? निकाल पाहून माझुर चकित झाले.

त्यांनी चुकलेला प्रश्न पुन्हा समजावून सांगितला, वेगळ्या रीतीने परत सांगितला, तरी चेहरे कोरेच. अखेर नाइलाजाने ते म्हणाले, ‘आपापसांत बोलून पाहा.’ वर्गात एकच गलका झाला आणि काही मिनिटांत बहुतेकांना उत्तर उमगले! कारण शोधणे कठीण नाही. ज्याला ती गोष्ट नुकतीच समजलेली असते, त्याला आपण कुठे अडलो होतो ते अजून आठवत असते. प्राध्यापकांना ते विसरून कित्येक वर्षे झालेली असतात. पुढे माझुर यांनी हीच रीत कायम केली. थोडे सांगायचे, एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे. १९९७ मध्ये त्यांनी या रीतीवर पुस्तकही लिहिले.

पण त्याच्या कितीतरी आधी, आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, याहून अवघड काम सुरू झाले होते. १९७२ साली होशंगाबाद (आजचे नर्मदापुरम) जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक शाळांत किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी विज्ञान शिकवण्याचा एक नवा कार्यक्रम हाती घेतला. सहावी ते आठवीची, खेड्यांतली मुले. चौघाचौघांच्या टोळ्या करून ती प्रयोग करीत, आजूबाजूच्या शेतांत जाऊन पाने, बिया, किडे गोळा करीत आणि आपली निरीक्षणे स्वतःच्या शब्दांत मांडीत. ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकात तयार उत्तरे नसत, प्रश्न असत. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायची मुभा होती, कारण त्यातून उतरवून काढण्यासारखे काही नव्हतेच! ‘सवालीराम’ या काल्पनिक गृहस्थाला मुले पत्रे लिहून मनातल्या शंका विचारीत. शिक्षकांना वाऱ्यावर सोडलेले नव्हते. त्यांची प्रशिक्षणे होत, दरमहा बैठका होत, अडचणींची चर्चा होई. १९७८ मध्ये हा कार्यक्रम साऱ्या जिल्ह्यात पसरला, १९८२ मध्ये तो पुढे नेण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था निघाली, आणि पुढे पुढे तो सुमारे हजार शाळांपर्यंत पोचला. २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. तीस वर्षे चाललेले काम एका आदेशाने थांबते, हे वाईटच. तरीही सरकारी शाळा, साधे शिक्षक आणि फाटके सामान एवढ्यावर हे तीस वर्षे चालू शकते, हे त्यातून सिद्ध झालेच आहे. ‘आपल्याकडे हे जमणार नाही’ असे म्हणणाऱ्यांना माझा हा जबाब आहे.

आता कोणी म्हणेल, जुन्या काळी मोठमोठे शास्त्रज्ञ व्याख्यानांनीच घडले ना? मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी दिलेली नाताळातली व्याख्याने प्रसिद्ध आहेत. मेणबत्तीवरची त्यांची व्याख्यानमाला आजही वाचली जाते. मान्य. पण फॅरडे नुसते बोलत नसत, समोर मेणबत्ती पेटवून, तिचा धूर परत पेटवून दाखवीत. शिवाय ऐकायला येणारी मुले सुट्टीत, आपखुशीने आलेली असत. उत्तम व्याख्यान ही मेजवानी आहे. ती अधूनमधून असावी. दुसरे असे की, अलीकडे पुष्कळ वर्गांत फळ्याच्या जागी पडदा आला आहे आणि त्यावर दुसरेच कोणी बोलत असते. मुले पूर्वीइतकीच गप्प बसलेली असतील, तर त्या पडद्याने काय साधले?

निरनिराळ्या मुलांना निरनिराळ्या रीतीने शिकवावे, याचा एक भलताच अर्थ मात्र रूढ होऊ पाहत आहे. हा मुलगा ‘डोळ्यांनी शिकणारा’, ती मुलगी ‘कानांनी शिकणारी’, अशा चिठ्ठ्या कपाळावर चिकटवायच्या आणि ज्याला त्याला तेवढेच द्यायचे! मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये या कल्पनेचा कसून आढावा घेतला, तेव्हा तिला भक्कम पुरावा सापडला नाही. घोंगडीची गोष्ट प्रत्येकानेच डोळ्यांनी पाहावी, हाताने करावी, तोंडाने सांगावी आणि वहीत लिहावी. एक दार बंद असेल तर दुसऱ्याने आत शिरता येते. अंध विद्यार्थ्यालाही दोन्ही खडे चाचपून कोणता लहान झाला ते बिनचूक सांगता येईल.

भाषेचे दारही असेच. १९७४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सुरुवातीच्या काळात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातील शाळांत काम केले. विज्ञान कठीण असते त्याहून त्याची पुस्तकी भाषाच मुलांना जास्त अडवते, याकडे या केंद्रातील व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्ष वेधले. मुलाला ‘बाष्पीभवन’ म्हणता आले नाही, पण ‘ओले धोतर वाऱ्यावर लवकर वाळते’ हे सांगता आले, तर त्याला निम्मा धडा आलेला आहे. मात्र त्याला ते सांगू तर दिले पाहिजे!

आकडेही याच बाजूने बोलतात. २०१४ मध्ये विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीच्या महाविद्यालयीन वर्गांवरील २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत शेकडा सुमारे ३४ विद्यार्थी नापास होत होते, तर जिथे विद्यार्थ्यांना काही करायला, बोलायला लावले जाई तिथे सुमारे २२. २०२० मधल्या दुसऱ्या एका पाहणीत आढळले की, अशा वर्गांत मागे पडलेल्या समाजगटांतले विद्यार्थी आणि इतर यांच्या परीक्षेतील गुणांमधले अंतर सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. हे आकडे अमेरिकेतल्या मोठ्या वयाच्या मुलांचे आहेत, ते आपल्या आठवीला जसेच्या तसे लावू नयेत. पण हुशार विद्यार्थ्याचे नुकसान न होता मागच्या बाकाचा फायदा होतो, एवढी दिशा त्यांतून दिसते.

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे तुमच्याविषयी. अशा तासाला पहिली तक्रार बहुधा तुमचीच येईल! २०१९ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. ज्यांनी स्वतः डोके चालवून प्रश्न सोडवले, त्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण ‘आपण कमी शिकलो’ असे त्यांनाच वाटत होते. गुळगुळीत व्याख्यान ऐकताना सारे समजल्यासारखे वाटते, आणि स्वतः विचार करताना पावलोपावली ठेच लागते. ती ठेच म्हणजेच शिकणे चालू आहे, हे लक्षात असू द्या, आणि ‘सर, सरळ उत्तर सांगा ना’ हा हट्ट जरा आवरा.

शिक्षकांची अडचण वेगळी. पोर्शन कधी संपायचा? वर्गात सत्तर मुले, तास पस्तीस मिनिटांचा, शेजारच्या वर्गाला गोंगाटाचा त्रास, वर मुख्याध्यापकांची फेरी. या अडचणी खऱ्या आहेत, आणि त्यांचा सारा बोजा शिक्षकांवर टाकणे अन्यायाचे होईल. म्हणून मी सगळे तास बदला असे म्हणत नाही. आठवड्यातून एक तास घ्या. त्यात पंधरा मिनिटे तुम्ही बोला आणि मग एक प्रश्न टाका. उत्तराचे तीन पर्याय द्या. हात वर करायला मात्र सांगू नका, कारण पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाकडे पाहून सगळे हात वर जातात. डोळे मिटून, छातीशी धरलेल्या बोटांनी पर्याय दाखवायला सांगा: एक, दोन की तीन. सत्तर मुलांचे मन अर्ध्या मिनिटात कळते आणि खर्च काहीच नाही. निम्मी बोटे चुकली, तर दोन मिनिटे शेजाऱ्याशी बोलू द्या आणि पुन्हा बोटे पाहा.

पहिल्या तासाला चालेल असा एक प्रश्न देतो. हौदात एक लहान होडी तरंगते आहे आणि होडीत एक मोठा दगड आहे. दगड उचलून हौदात टाकला आणि तो तळाशी गेला. आता हौदातल्या पाण्याची पातळी वाढेल, घटेल की तेवढीच राहील? बोटे दाखवून झाल्यावरही उत्तर सांगायची घाई करू नका. एक बादली, प्लॅस्टिकचा डबा आणि अंगणातला दगड एवढ्यावर मुले ते स्वतःच पाहतील.