मागील पानावरून पुढे

मी बी.कॉम. माणूस, बँकेत कारकून. संगणकाशी माझं नातं तो बंद पडला की हाका मारण्यापुरतं. तरी परवा साहेबांशी भांडलो.

सातारा आणि सांगलीच्या खातेदारांच्या याद्या आमच्याकडे एकाच वेळी येतात. त्यात एका आजींच्या नावातलं अक्षर गेलं आणि जागी आली काळी चौकट, पोटात प्रश्नचिन्ह. नाव जुळेना, पेन्शन निघेना. "माझं नावच पुसलं व्हय रं बाबा?" आजी म्हणाल्या. साहेब म्हणाले, "नावं इंग्रजीत लिहा. मराठीचा हा त्रास असतोच."

असतोच? मी प्रोग्रामर भाच्याला गाठलं. तो म्हणाला, "मामा, फाईल एकदम येत नाही, तुकड्यांनी येते." तुकडा समजा ६४ केबीचा, म्हणजे ६५,५३६ बाइट. बाइट म्हणजे संगणकाची सुटी नाणी. यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक नाणं पुरतं, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. 'सातारा' अठरा, 'सांगली'ही अठरा. तिथे भांडण नाही! पण ६५,५३६ ला तिनाने भागा : एक उरतो. तुकडा पाडणारा नाणी मोजतो, अक्षरं नव्हे. सुरी अक्षराच्या मधूनच फिरते. इंग्रजी अक्षर कापलंच जात नाही, म्हणून ही चूक कुणाला दिसतही नाही.

मग दोष मराठीचा कसा? हाती आला तो तुकडा पूर्ण समजून वाचणाऱ्याचा! लेजरचं पान संपलं म्हणून आम्ही कधी बेरीज फेकली नाही. 'पुढील पानावर नेले' लिहिलं. उरलेली एक-दोन नाणी हातात ठेवा, पुढच्या तुकड्याला जोडा, मग अक्षर वाचा. ही सोय तयार मिळते म्हणे. वापरायचा आळस फक्त.

"मग सगळी फाईल आल्यावरच वाचा," साहेब म्हणाले. अहो, महाबळेश्वराहून सगळी कृष्णा येऊन पोचली की पाणी भरू, असं सांगलीकर म्हणाले असते तर तहानेनं गेले असते! पुढचा तुकडा येईपर्यंत प्रोग्राम दुसरी फाईल वाचतो, जसा एकाचा चेक पासिंगला गेला की आम्ही पुढचं टोकन पुकारतो. खुशाल पुकारा. फक्त साताऱ्याची उरलेली नाणी सांगलीच्या खात्यात घालू नका. प्रत्येक फाईलची शिल्लक वेगळी!

भाच्यानं सांगितलं तसं आमच्या प्रोग्रामवाल्यांनी केलं. आजींचं नाव अखंड आलं, पेन्शन निघाली. साहेबांनी विचारलं, "इंग्रजीत लिहिलंत ना?"

"नाही साहेब," मी म्हटलं, "पुढील पानावर नेलं."