सकल संतांच्या सणाला आलेला गायक

१ नोव्हेंबर १९९६, शुक्रवार. ख्रिस्तसभा त्या दिवशी सकल संतांचा सण साजरा करीत होती आणि मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात हजारोंचा समुदाय मायकल जॅक्सन या अमेरिकन गायकाच्या दर्शनासाठी लोटला होता. शिव उद्योग सेनेने मराठी तरुणांच्या रोजगारासाठी म्हणून तो कार्यक्रम योजिला. राज्य सरकारने करमणूक कर माफ केला. त्याविरुद्ध मुंबई ग्राहक पंचायत न्यायालयात गेली. आणि तीन कोटींहून अधिक रकमेची ती माफी मंत्रिमंडळाने २०२१ साली पुन्हा मंजूर केली. देव्हाऱ्यात बसविलेल्या माणसाला कर लागत नाही, हेच खरे!

त्याच गायकाचे 'अर्थ साँग', म्हणजे 'पृथ्वीचे गाणे', आज आम्ही पुन्हा विचारात घेत आहोत. १९९५ च्या नाताळात ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते आणि सहा आठवडे तेथून हलले नाही. सृष्टीसाठी प्रार्थना करण्याच्या काळात, १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर, ते धर्मग्रामाच्या कार्यक्रमात गावे, अशी आमच्या काही तरुणांची इच्छा. त्या माणसाचे नावही नको, हा पालकांचा आग्रह. तरुण म्हणतात, गाणे चांगले आहे, मग गायकाशी काय कर्तव्य? पालक म्हणतात, गायक वादग्रस्त आहे, मग गाण्याशी काय कर्तव्य? वाचकहो, आम्हांला हे दोन्ही पक्ष अमान्य आहेत.

प्रथम गाण्याविषयी. तो एक विलाप आहे. जंगलांचे काय झाले, मुक्या प्राण्यांचे काय झाले, युद्धात मेलेल्या लेकरांचे काय, असे प्रश्न त्यात एकामागून एक विचारले जातात. असे प्रश्न ईयोबाने विचारले, स्तोत्रकारांनी विचारले. देवाने त्यांना गप्प केले नाही. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लौदातो सी' या विश्वपत्रात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकावयास सांगितले. टँकरची वाट पाहणाऱ्या आणि सीनेचे काळवंडलेले पाणी पाहणाऱ्या नगरकरांना त्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. त्या विश्वदौऱ्यात या गाण्याच्या अखेरीस रंगमंचावर रणगाडा येई आणि एक मूल सैनिकाला फूल देई. छावणीच्या शेजारी वाढलेल्या आमच्या भिंगारला रणगाडा ही नाटकातली वस्तू वाटत नाही. गाणे टाकाऊ नाही, हे म्हणून मान्य केलेच पाहिजे.

मग बिघडले कोठे? १९ फेब्रुवारी १९९६ रोजी लंडनच्या ब्रिट पुरस्कार सोहळ्यात हेच गाणे गाताना जॅक्सनने शुभ्र वेषात, क्रूसावरील प्रभूसारखे हात पसरून, भोवती मुले घेऊन आपणांस मिरविले. जार्विस कॉकर हा इंग्रज गायक निषेध म्हणून रंगमंचावर घुसला. विलाप करणाऱ्याची जागा लोकांमध्ये, गुडघ्यांवर असते. तो तारणाऱ्याच्या जागी उभा राहिला की विलापाची आरती होते, आणि आरती त्याचीच होते.

परंतु आमचा खरा आक्षेप याहून पुढचा आहे. पसरलेले हात सर्वांनी पाहिले. भोवतालच्या मुलांविषयी किती जणांनी विचारले? एका मुलाच्या लैंगिक शोषणाचा आरोप १९९३ सालीच झाला होता. १९९४ साली पैसे देऊन तो दावा मिटविण्यात आला. २००५ साली दुसऱ्या खटल्यात न्यायालयाने जॅक्सनला सर्व आरोपांतून निर्दोष सोडले. २००९ साली तो मरण पावला. २०१९ साली दोन पुरुषांनी एका माहितीपटात आपल्या बालपणाविषयी पुन्हा तसेच आरोप केले. मृताचा न्याय आम्ही करणार नाही. तो करणारा वेगळा आहे. आमचा प्रश्न समुदायाला आहे: तराजूच्या एका पारड्यात मुलाचा शब्द असताना दुसऱ्या पारड्यात गाण्याची कीर्ती का टाकली गेली?

हे लिहिताना आमच्या अंगावर धर्मगुरूचा झगा आहे, याचे आम्हांला विस्मरण झालेले नाही. २००२ साली बोस्टनमध्ये जे उघडकीस आले, ते गायकांच्या नव्हे, आमच्या घरातले होते. तेथेही लोकांनी झगा पाहिला आणि मूल ऐकले नाही. वरिष्ठांनी तर ऐकूनही झाकले. असे प्रकार वरिष्ठांना कळविण्याचे बंधन पोप फ्रान्सिस यांनी सर्व धर्मगुरूंवर घातले ते २०१९ साली. फार उशिरा!

ख्रिस्तसभा जिवंत माणसाला संत ठरवीत नाही. सामान्यतः मृत्यूनंतर ५ वर्षे थांबते, साक्षी तपासते, विरोधी साक्षही ऐकते. हा संयम आपण व्यासपीठावरच्या, वेदीवरच्या आणि देणगीदारांच्या रांगेतल्या जिवंत माणसांविषयी का पाळत नाही?

म्हणून आमचे उत्तर असे. तरुणांनी हे गाणे सभागृहात विलाप म्हणून जरूर गावे. मिस्सात नको आणि गायकाची तसबीर लावून तर नकोच. त्याहून बरे म्हणजे सीनेचा आणि टँकरचा विलाप त्यांनी स्वतः मराठीत रचावा. पालकांनी मात्र गाण्यावर बंदी घालून कर्तव्य संपले असे मानू नये. उद्या आपल्या घरातले मूल एखाद्या थोर माणसाविषयी, मग तो फादर का असेना, काही सांगू लागले, तर त्याला दटावू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी गोष्ट पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. त्या वेळी आमची भीड धरू नका.