ओटा नवा करताना एवढं विचारा

मैत्रिणींनो, दिवाळीआधी ओटा नवा करून घ्यायचा बेत आहे ना? मग गवंड्याला दराबरोबर आणखी एक विचारा : "काढलेल्या फरशा, विटा कुठे टाकणार?" खाडीकाठच्या गावांत हा राडारोडा पुष्कळदा तिवरांत जाऊन पडतो. चिखलातून वर आलेली श्वासमुळं त्याखाली बुजली, की झाडं गुदमरून वाळतात. त्याच मुळांच्या आडोशाला कोळंबीची पिल्लं वाढतात, तीच मुळं काठाची माती धरून ठेवतात. तिवरं गेली, की कोळणीची पाटी रिकामी आणि उधाणाचं पाणी दारात! मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभर तिवरतोडीला आणि तिथे राडारोडा टाकायलाही बंदी केली आहे. पण गवंडी आपल्या घरात आहे तोवर पहारा आपलाच. नगरपालिकेने ठरवलेल्या जागी नेईन म्हणाला, तरच काम द्या बरं!