गाऊन की साडी? बोटीवरच्या रीतीभाती



गेल्या वर्षी ऐन मार्गशीर्षात आमच्या थोरल्या वन्संचा फोन आला. आवाज अगदी पडलेला. त्यांचा मुलगा आणि सून अमेरिकेत असतात. आई-वडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून दोघांनी हौसेनं बोटीची सहल ठरवली होती. फ्लोरिडाहून निघायचं, कॅरिबियन बेटं बघायची आणि सात रात्रींनी परत. तिकिटंही काढून झालेली. आणि वन्सं म्हणत होत्या, ‘‘मी नाही जात!’’

खोदून विचारलं तेव्हा कारण कळलं. बोटीवर एक-दोन संध्याकाळी सगळ्यांनी ‘फॉर्मल’ कपडे घालून जेवायला जायचं असतं म्हणे. सुनेनं बिचारीनं सहज विचारलं, ‘‘आई, तुमच्यासाठी एक गाऊन घेऊन ठेवू का?’’ झालं! आपल्याकडे गाऊन म्हणजे रात्री झोपताना घालायचा तो. वन्सं म्हणाल्या, ‘‘अगं, साठी उलटली माझी. चारचौघांत गाऊन घालून जेवायला बसू? त्यापेक्षा ते सगळे जाऊ देत, मी मागं राहून घर सांभाळते.’’

सुनेच्या मनातला गाऊन म्हणजे समारंभाला घालतात तो पायघोळ झगा, हे मी त्यांना समजावलं. पण माझ्या लक्षात आलं, की गाऊन हे नुसतं निमित्त होतं. तिथल्या रीती आपल्याला ठाऊक नाहीत, काटे-चमचे जमायचे नाहीत, आपल्यामुळे मुलाला खाली बघावं लागेल, ही खरी भीती. पहिल्यांदा मोठ्या हॉटेलात पाऊल टाकताना आपल्यालाही असंच वाटलं होतं ना?

मग मी दोन-तीन कंपन्यांची माहितीपत्रकं वाचून काढली, जाऊन आलेल्या दोघीतिघींना विचारलं आणि वन्संना चार पानी पत्र लिहिलं. तेच आज थोडं वाढवून तुमच्यापुढे ठेवते. कारण अशी सहल आता केवळ परदेशी मुलांच्या आई-वडिलांपुरती राहिलेली नाही. २०२१ सालच्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ बोट मुंबई बंदरातून पर्यटकांना घेऊन निघू लागली आणि गोवा, दीव, लक्षद्वीप अशा सहलींच्या जाहिराती आपल्या गावापर्यंत येऊन पोचल्या.

काय नेसायचं?

जेवायला नटून जाण्याची ही रीत जुन्या काळची. विमानं नव्हती तेव्हा विलायतेला जाणारी माणसं बोटीनंच जात. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटी मुंबईच्या बॅलार्ड पिअरला लागत. दिवसच्या दिवस पाण्याखेरीज दुसरं काही दिसायचं नाही, तेव्हा रात्रीचं जेवण हाच काय तो सोहळा. पहिल्या वर्गातले पुरुष काळा कोट आणि बो घालून, बायका पायघोळ झगे घालून टेबलावर येत. आपल्या कोकण बोटीवर असलं काही नव्हतं. भाऊच्या धक्क्यावर वळकटी घेऊन चढलं, डेकवर सतरंजी पसरली, की झाली आपली जागा!

आता काळ बदलला, पण त्या थाटाची आठवण म्हणून काही कंपन्यांनी ही प्रथा ठेवली आहे. क्युनार्ड कंपनीची ‘क्वीन मेरी २’ ही बोट २००४ पासून साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क अशी ये-जा करते. तिच्यावर ‘गाला’ संध्याकाळी पुरुषांना डिनर जॅकेट किंवा गडद सूट लागतो. उलट नॉर्वेजियन कंपनीनं २००० साली ‘फ्रीस्टाइल’ पद्धत काढली. हव्या त्या वेळी जेवा, सक्तीचा असा पोशाख नाही. बाकीच्या बहुतेक बोटी या दोन टोकांच्या मध्ये येतात. सात रात्रींत एक-दोन संध्याकाळी जरा ठेवणीतले कपडे, एरवी साधे नीटनेटके. पोहण्याच्या कपड्यांत किंवा अनवाणी मात्र जेवणघरात जायचं नाही, हा नियम जवळजवळ सगळीकडे.

आता महत्त्वाची गोष्ट ऐका. इतक्या काटेकोर क्युनार्डच्या नियमांतसुद्धा आपापल्या देशाचा समारंभाचा पोशाख चालतो असं लिहिलेलं आहे. म्हणजे आपली साडी नियमात अगदी चपखल बसते! आणि एखाद्या संध्याकाळी नटायचा कंटाळा आलाच, तर बुफे उघडा असतो. तिथं साध्या कपड्यांत पोटभर जेवावं, कोणी काही विचारत नाही.

साडी कोणती न्यावी, याचा मात्र विचार करावा. बोटीवरच्या खोलीत आपली इस्त्री न्यायला मनाई असते, कारण भर समुद्रात आगीसारखं दुसरं भय नाही. पाणी तापवायची किटली, कॉइल, मेणबत्ती, उदबत्ती यांनाही तीच मनाई. तेव्हा देवासमोर नुसते हात जोडावेत. साडी चुरगळणार नाही अशी घ्यावी. एक-दोन सिंथेटिक आणि समारंभाला एक रेशमी पुरे. वरच्या डेकवर वारा फार, म्हणून पदराला आणि निऱ्यांना पिना लावाव्यात. डेकवर जाणाऱ्या दारांना आणि न्हाणीघराला वीतभर नसला तरी चांगला उंच उंबरठा असतो, तिथं निऱ्या उचलून पाऊल टाकावं. टाचा बसक्या हव्यात. आत वातानुकूलन इतकं गार, की शाल हवीच. दिवसा बेटांवर उतरताना पंजाबी ड्रेस सोयीचा. आणि तलावात उतरायचं असेल तर पोहण्याच्या कापडाचाच पोशाख लागतो; सुती ड्रेस किंवा साडी नेसून पाण्यात जाता येत नाही.

पहिलं काम कवायतीचं

बोटीत चढल्यावर आधी खोली बघावी, मग खावं-प्यावं असं सगळ्यांनाच वाटतं. पण निघण्यापूर्वी एक कवायत असते, ती कधीही चुकवू नका. धोक्याचा भोंगा सात वेळा आखूड आणि एकदा लांब वाजतो. तो ऐकला की कुठल्या जागी जमायचं, तरंगतं जाकीट कसं बांधायचं, हे त्यात दाखवतात. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही प्रचंड बोट खडकावर आपटून कलंडली आणि ३२ माणसं दगावली. त्याच दिवशी चढलेल्या कितीतरी उतारूंची कवायत व्हायचीच होती. तेव्हापासून नियम कडक झाला आणि बोट हलण्याआधीच कवायत होऊ लागली. आता पुष्कळ ठिकाणी सूचना टीव्हीवर किंवा मोबाइलवर बघून फक्त आपल्या जागी हजेरी द्यायची असते. दहा मिनिटांचं काम, आळस नको.

जेवणघरातल्या चालीरीती

काटे-चमच्यांची धास्ती तर अजिबात नको. पुष्कळ मांडलेले दिसले, तर बाहेरच्या बाजूनं एकेक उचलत आत यायचं, एवढंच सूत्र. पोळी किंवा पाव हातानं तोडायला तर कुठंच हरकत नाही. पदार्थाचं नाव कळलं नाही, तर वाढणाऱ्याला सरळ विचारावं. त्यात कमीपणा कसला? शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल, तर तिकिटाच्या वेळीच कळवून ठेवावं आणि पहिल्या रात्री पुन्हा आठवण करावी. जेवायची ठरावीक वेळ घेतली असेल, तर ती पाळावी; आपण अर्धा तास उशिरा गेलो, की एका टेबलावरची परकी माणसं आपल्यासाठी खोळंबतात.

बुफेला जाताना हात साबणानं धुवावेत. बंदिस्त बोटीत पोटाचा विकार पसरायला वेळ लागत नाही, म्हणून दाराशी उभी माणसं त्याची आठवण करून देतात. त्यांच्यावर रागावू नये. आणि ताट? फुकट आहे म्हणून डोंगर रचू नका. हवं तितक्यांदा घेता येतं, तर थोडं थोडं घ्यावं. टाकलेलं अन्न तिथंही टाकलेलंच!

तलावाकाठच्या खुर्चीवर सकाळी सातला टॉवेल टाकून जागा अडवायची आणि अकराला उगवायचं, ही खोड जगभरच्या लोकांना आहे. म्हणजे एसटीत खिडकीतून रुमाल टाकणारे आपणच एकटे नाही! कार्निव्हल कंपनीनं तर ४० मिनिटं माणूस फिरकला नाही, तर टॉवेल उचलून ठेवायचा नियमच केला. अरुंद बोळात मोठ्यानं गप्पा, रात्री दारं आपटणं, लिफ्टमधून लोक उतरायच्या आत घुसणं, हे टाळलं की अर्ध्या रीतीभाती आपोआप पाळल्या जातात.

तिकिटात काय आणि बाहेर काय?

खोली, रोजचं जेवण, नाच-गाण्याचे कार्यक्रम, तलाव हे सहसा तिकिटात येतं. बाटलीबंद पेयं, वायफाय, मालिश, खास उपाहारगृहं आणि बेटांवरच्या सहली यांचे पैसे वेगळे. बोटीवर रोख चालत नाही. खोलीच्या किल्लीचं जे कार्ड मिळतं, त्यावर सगळं मांडलं जातं. हात सैल सुटायला ती युक्ती भारी आहे. म्हणून रोज रात्री हिशेब बघावा. बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याची फी बरीच असते. आपली औषधं आणि प्रवासाचा विमा बरोबर हवा.

बक्षिशीचंही आधीच धरून ठेवा. अमेरिकी बोटींवर माणशी दिवसाला साधारण १५ ते २० डॉलर आपोआप खात्यावर चढतात. म्हणजे दोघांचे सात दिवसांचे २१० ते २८० डॉलर झाले! काही जण शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन ही रक्कम काढून टाकायला लावतात. कृपा करून असं करू नका. ते पैसे खोली आवरणाऱ्या आणि जेवण वाढणाऱ्या माणसांचे असतात.

वारंवार जाणाऱ्यांना मान मिळतो तोही गमतीचा असतो. रॉयल कॅरिबियन कंपनीत एका रात्रीला एक गुण, मोठ्या स्वीटमध्ये राहिलं तर दुप्पट. ८० गुण झाले की ‘डायमंड’, मग रोज चार पेयं फुकट. ७०० झाले की ‘पिनॅकल’. रात्रीला एक गुण धरला, तर जवळजवळ दोन वर्षं पाण्यावर काढावी लागतील! असा मान मिळाला तर जरूर घ्यावा. पण त्यापायी रांगेत दुसऱ्याला ढकलून पुढं जाणं शोभत नाही.

आणि वन्संचं काय झालं?

वन्सं गेल्या. पहिल्या रात्री जेवताना पाणी यायला उशीर झाला आणि भावोजींनी सवयीनं चुटकी वाजवून वाढणाऱ्या मुलाला हाक मारली. मुलगा हसतमुखानं आला. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर नावाखाली ‘इंडिया’ लिहिलेलं होतं. वन्संनी मराठीतच विचारून पाहिलं, ‘‘कुठले रे तुम्ही?’’ ‘‘रत्नागिरीकडचा, काकू.’’ हळूहळू कळलं, की बोटीवर येऊन त्याला सात महिने झाले. मुलगी झाली ती तो इथं असताना. तिला अजून फोनवरच बघितलेली.

या माणसांना आठवड्याची सुट्टी अशी नसते. सहा-सहा, नऊ-नऊ महिने रोज काम. आंतरराष्ट्रीय नियमानं चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती द्यावी लागते, यावरून उरलेल्या वेळेचा अंदाज करा.

त्या रात्री खोलीत आल्यावर वन्सं भावोजींना म्हणाल्या, ‘‘आपला मुलगाही परक्या देशात दुसऱ्याची नोकरीच करतो ना? त्याला कुणी चुटकी वाजवून बोलावलं, तर तुम्हांला कसं वाटेल?’’ भावोजी काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलाला नावानं हाक मारली आणि पाणी मागायच्या आधी लेकीची चौकशी केली. शेवटच्या दिवशी कंपनीच्या अभिप्रायाच्या कार्डावर त्याचं नाव घालून चार चांगल्या ओळी लिहिल्या त्याही भावोजींनीच. अशी नोंद त्या मुलांना बढतीला उपयोगी पडते, हेही विसरू नका.

काटे-चमचे कुठले उचलायचे, याची काळजी करत निघालेल्या वन्संना खरी रीत आधीपासूनच येत होती. आपल्या घरी आलेल्या माणसाला आपण पाणी विचारतो, वाढणारीला ‘तू कधी बसणार?’ म्हणून विचारतो, तीच ही. कपड्यांचे नियम वाचून कळतात, तेवढे वाचावेत आणि निर्धास्त जावं.

हो, त्या फॉर्मल संध्याकाळचं सांगायचं राहिलंच! वन्संनी नारायणपेठ नेसली. शेजारच्या टेबलावरच्या दोघी बायका खास उठून काठ बघायला आल्या. आणि दुसऱ्या तशाच संध्याकाळी सून आपला झगा कपाटात ठेवून म्हणाली, ‘‘आई, तुमची ती हिरवी साडी मला नेसवाल?’’