तळोज्यातली गर्दी कोणी केली?

पनवेल कोर्टाच्या आवारात पिशव्या घेऊन बसलेल्या आयाबहिणी आम्हाला नेहमी दिसतात. त्यांतल्या काहींना वकिलाने सांगितलेले असते, ‘जामीन झाला’. तरी माणूस घरी येत नाही. जामीनदार हवा, त्याचा ऐपतीचा दाखला हवा, नाहीतर रोख रक्कम. कळंबोलीच्या नाक्यावर रोजंदारी करणाऱ्याने ऐपतदार आणायचा कुठून?

तळोजा मध्यवर्ती कारागृह आमच्याच पनवेल तालुक्यात आहे. क्षमता दोन हजारांच्या थोडी वर. तुरुंग भरले की सरकार म्हणते, गुन्हे वाढले, नव्या बराकी बांधू. हे आम्हाला मान्य नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे शंभरात जवळपास शहात्तर. शिक्षा झालेलीच नाही, अशा माणसांनी तुरुंग भरले आहेत. त्यांत अनुसूचित जातींचे सुमारे एक पंचमांश.

‘कोर्टे संथ आहेत, आम्ही काय करणार?’ हा सरकारचा दुसरा बहाणा. पण संविधानाच्या सातव्या अनुसूचीत तुरुंग हा राज्याचा विषय आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ वाचा. जन्मठेप-फाशीचे गुन्हे वगळता, पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, इतरांनी अर्धा, की कोर्टाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकाची. जुन्या कैद्यांनाही हे लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. अधीक्षक कोणाचा नोकर? कोर्टाच्या तारखेला न्यायला पोलीस गार्ड मिळत नाही, तो कोणी द्यायचा?

याच कलमात एक खोच आहे. एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असले की ही सवलत नाही. गावात चोरी झाली की पहिला उचलला जातो तो पारध्याचा पोरगा. त्याच्यावर एकच केस कशी असेल? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला, पोलीस ठाण्यातली नजर गेली नाही. तुरुंगात जातीवरून कामे वाटणे घटनाबाह्य आहे, हे सांगायलाही सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला.

फादर स्टॅन स्वामी तळोज्यातच होते. पार्किन्सनने हात थरथरणाऱ्या त्र्याऐंशी वर्षांच्या त्या माणसाला पाणी प्यायच्या सिपरसाठी कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी ते गेले, कच्चे कैदी म्हणूनच. नाव असलेल्याची ही गत, तर बिननावाच्याचे काय?

गरीब कैद्यांच्या जामिनासाठी आर्थिक मदतीची केंद्राची योजना २०२३ पासून आहे. तळोज्यातल्या किती जणांना ती मिळाली, अधीक्षकांनी कलम ४७९ खाली किती अर्ज केले आणि जामीन होऊनही किती जण आत आहेत, हे तीन आकडे राज्य सरकारने दर महिन्याला तुरुंगाच्या फाटकावर लावावेत. बराकीच्या निविदा त्यानंतर काढा.

जय भीम.